तुम्ही विचारलंत म्हणून: चेतकला १७७चं किट टाकू का?

‘दादा, चेतकला १७७ टाकलं तर किती पळंल?’

हा प्रश्न मला पंपावर पेट्रोल भरताना येतो, लग्नाच्या मांडवात येतो, एकदा तर अंबाबाईच्या देवळाबाहेर चपला काढून ठेवताना आला. विचारणारा साधारण पंचविशी-तिशीतला. घरी वडिलांची नाहीतर आजोबांची बजाज चेतक स्कूटर, मागच्या दारी ताडपत्रीखाली. मोबाईलवर कुठल्या तरी इटालियन पोराचा व्हिडिओ बघून झालेला असतो. मी ‘किती पळंल ते सोड’ म्हणून सुरुवात करतो आणि त्याचा चेहरा पडतो. म्हणून आता एकदाच सगळं लिहून टाकतो.

किट म्हणजे काय ते आधी. चेतकचा बोर, म्हणजे सिलिंडरच्या भोकाचा व्यास, ५७ मिलिमीटर. स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वर-खाली धाव, तीही ५७, म्हणून ती १४५ सीसीची. सिलिंडरला आपल्याकडे गॅरेजात ब्लॉकच म्हणतात, तेव्हा मीही ब्लॉकच म्हणतो. किटच्या खोक्यात नवा ब्लॉक येतो, त्यात बसणारा ६३चा पिस्टन, रिंगा, पिन, लॉक, गॅस्केट आणि काहींत हेडसुद्धा. पिस्टनला वर-खाली हलवणारा क्रँक जुनाच राहतो, म्हणजे स्ट्रोक तोच. वाढतो तो फक्त बोर, सहा मिलिमीटरनं. सहा मिलिमीटर म्हणजे काय मोठंसं, असं वाटतं. पण क्षेत्रफळ वर्गाच्या हिशेबानं वाढतं आणि १४५चे १७७ होतात. सीसीत बावीस टक्के वाढ.

इटलीतला ब्लॉक आपल्या चेतकवर बसतो कसा, असंही विचारतात. बजाज आधी पियाज्जो या इटालियन कंपनीच्या परवान्यावर तिची व्हेस्पा स्कूटरच बनवायचं. तो करार १९७१ला संपला आणि १९७२ला चेतक आली, ती व्हेस्पा स्प्रिंटच्याच घराण्यातली. पत्र्यावरचं नाव बदललं, आतली हाडं तीच राहिली. आणि तिकडे इटलीत ब्लॉक मोठे करायचा धंदा जुना. बोलोन्याजवळचं मालोस्सी, बेर्गामोजवळचं पोलिनी ही त्यातली मोठी नावं. तिथं चौदाव्या वर्षी ५० सीसीची गाडी चालवता येते. आता चौदा वर्षांच्या पोराच्या हातात ५० सीसी दिली की तो काय करणार? १०२चं नाहीतर १३०चं किट टाकणार, आणि वरून बघणाऱ्याला गाडी ५०चीच दिसणार. पोरं सगळीकडे सारखीच.

आपल्या कोल्हापूरच्या उद्यमनगरात बोरची मशीनं पिढ्यान्‌पिढ्या चालू आहेत. ऑइल इंजिनांवर हे गाव वाढलंय. ब्लॉक झिजला की बोर करायचा, पहिल्या साईजचा पिस्टन टाकायचा, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या. ते झीज भरून काढणं झालं. किट टाकतो तेव्हा झीज नसते, हाव असते. माझीही होती.

गाडी वडिलांची, १९८६ची. नंबर लावून कितीतरी वर्षांनी मिळालेली. २०१८ साली मी तिला हात घातला आणि पहिलीच चूक अशी केली की किट आधी मागवलं आणि इंजिन नंतर उघडलं. टू स्ट्रोकमध्ये पेट्रोल-हवेचं मिश्रण आधी पिस्टनखाली केसिंगमध्ये, म्हणजे इंजिनाच्या खालच्या पेटीत, येतं आणि तिथून बाजूच्या खिडक्यांतून वर चढतं. मी मागवलेल्या ब्लॉकला अशा तीन खिडक्या होत्या. माझ्या केसिंगला दोन. गॅरेजच्या मिस्त्रींनी ब्लॉक केसिंगवर टेकवला, तिसऱ्या खिडकीसमोरच्या सपाट ॲल्युमिनियमवर बोट ठेवलं आणि म्हणाले, ‘हितनं वारं बी जायाचं न्हाई. घासून करूया म्हणशील तर केसिंग घालवून बसशील.’ ते किट मी एका एलएमएल स्कूटरवाल्याला कमी भावात देऊन टाकलं. त्याच्या केसिंगला तीन खिडक्या होत्या, त्याचं भलं झालं. माझ्यासाठी दोन खिडक्यांचं पुन्हा शोधलं. चेतकमध्येसुद्धा वेगवेगळ्या काळातली केसिंगं वेगवेगळी निघतात. त्यामुळे आधी हेड काढा, ब्लॉक उचला, टॉर्च मारून खिडक्या मोजा आणि मगच पैसे सोडा.

दुसरं, मिस्त्रींनी किट हातात घ्यायच्याही आधी क्रँकच्या दोन्ही ऑइल सील आणि बेरिंगं मागितली. मला वाटलं, बिल वाढवतायत. तसं नव्हतं. क्लचकडची सील गेली की इंजिन गिअरचं ऑइल ओढतं आणि मागे पांढरा धूर सोडतं, ते निदान दिसतं तरी. मॅग्नेटकडची गेली की ते हवा ओढतं, आणि हवा दिसत नाही. मिश्रण पातळ होतं, म्हणजे हवा जास्त आणि पेट्रोल कमी, मग पिस्टन तापतो आणि एक दिवस ब्लॉकमध्ये पकडतो, म्हणजे अडकून बसतो. तीस वर्षं झालेल्या रबरावर बावीस टक्के जास्त सीसीचा भार टाकणं म्हणजे जुन्या धोतराला नवा काष्टा मारण्यासारखं आहे.

मग सायलेन्सर. तो त्यांनी चक्क भट्टीत घालून जाळला. लाल झाल्यावर बाहेर काढून ठोकला तर आतून ओंजळ-ओंजळ काजळीची ढेपं पडली. ठिणगीचे पॉइंट नवे, कंडेन्सर नवा, ठिणगीचं टायमिंग मूळच्यापेक्षा अंशभर मागे, क्लचच्या प्लेटा नव्या आणि स्प्रिंगा थोड्या कडक. या सगळ्याचं बिल किटच्या दीडपट झालं.

खरी मजा जेटची, म्हणजे कार्बोरेटरमधून पेट्रोल सोडणाऱ्या भोकाच्या तुकड्याची, आणि खरा वैतागही. मेन जेटवरचा नंबर म्हणजे त्याच्या भोकाचा व्यास, मिलिमीटरच्या शंभराव्या भागात. १००चं जेट म्हणजे एक मिलिमीटरचं भोक. ११०चं लावलं तर दहा टक्केच वाढ दिसते, पण इथंही वर्गाचाच हिशेब, म्हणजे पेट्रोलला वाट एकवीस टक्के जास्त. म्हणून मोठ्यापासून सुरू करायचं आणि दोन-दोन नंबरांनी खाली यायचं, उलट कधीच नाही. मी रोज पहाटे पन्हाळा रोडला जायचो. पूर्ण ॲक्सिलरेटरवर गाडी पळवायची, तशीच बंद करून क्लच दाबायचा, रस्त्याच्या कडेला थांबून गरम प्लग फडक्यानं खोलायचा. काळा आणि ओला निघाला तर पेट्रोल जास्त. पांढराफटक निघाला तर देवाचं नाव घ्या. भाजलेल्या शेंगदाण्याच्या टरफलाचा रंग आला की जमलं. पाचव्या दिवशी जमलं. दूध घालायला निघालेला एक माणूस रोज मला तिथंच प्लगकडे बघत बसलेला बघायचा. त्यानं शेवटी विचारलं, ‘विका की ही, कशापायी रोज बंद पडत्या?’ आता पेट्रोलमध्येच २० टक्के इथेनॉल येतं आणि त्यानं मिश्रण आणखी पातळ होतं, तेव्हा आज हे करणाऱ्यानं जेट मोठ्याकडेच झुकतं ठेवावं.

एक गोष्ट फुकटची आहे आणि तीच सगळे विसरतात. ब्लॉकभोवतीचं कव्हर. चेतकचं इंजिन डिकीच्या पत्र्याआड बसलेलं, त्याला समोरून वारं लागत नाही. मॅग्नेटचा पंखा वारं मारतो आणि ते कव्हर ते वारं ब्लॉकच्या पात्यांवरून फिरवतं. स्क्रू झिजला, बसवायला त्रास होतो, म्हणून हे कव्हर कोपऱ्यात फेकून दिलेल्या गाड्या मी गॅरेजात शेकड्यानं बघितल्यात. १४५ ते सोसून घेते. १७७ सोसत नाही.

आता गुण सांगतो, नाहीतर म्हणाल हा नुसता भिववतोय. सपाट रस्त्यावर वरचा वेग थोडाच वाढला. काटा किती दाखवत होता ते सांगत नाही, चेतकच्या काट्यावर माझा विश्वास नाही. पण घाटात! वैभववाडीकडून करूळ घाट चढताना, मागे बायको, पायाशी मालवणहून आणलेल्या कोकमांची पिशवी, आणि जिथं १४५ हटकून दुसरा गिअर मागायची त्या वळणांवर गाडी तिसऱ्यावर, न कुरकुरता, खालच्या आवाजात वर येत होती. वेगापेक्षा या ओढीसाठी किट टाकावं. ज्याला पळायचंय त्यानं दुसरी गाडी घ्यावी. दहा इंची चाकं आणि ड्रम ब्रेक तेच राहतात, आणि पुढचा ब्रेक दाबला की चेतक नाक जमिनीला लावते ते वेगळंच.

त्याच घाटानं मला धडाही दिला, फक्त उतरताना. गगनबावड्यापर्यंत गाडी छान रेटत आणली होती. करूळ घाट सुरू झाला तसा ॲक्सिलरेटर सोडला आणि तिसऱ्या गिअरच्या ओढीवर खाली निघालो, जसं मोटरसायकलवर कोणीही करेल. तिसरं की चौथं वळण असेल, ‘चिंऽऽ’ असा बारीक आवाज आला आणि मागचं चाक जागीच थांबलं. हातानं आपोआप क्लच दाबला म्हणून पडलो नाही. टू स्ट्रोकचं ऑइल पेट्रोलमधूनच येतं. ॲक्सिलरेटर बंद म्हणजे पेट्रोल बंद, म्हणजे ऑइलही बंद. आणि इकडे चाक इंजिनाला जोरात फिरवत असतं. त्यात पिस्टन ॲल्युमिनियमचा आणि ब्लॉक बिडाचा. तापल्यावर ॲल्युमिनियम बिडाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं. ते मधलं केसभर अंतर संपलं आणि पिस्टन अडकला. वडील घाट उतरताना अधूनमधून क्लच दाबून उगाच ॲक्सिलरेटर पिळायचे, ते मला लहानपणी शायनिंग वाटायचं. ते इंजिनाला ऑइल पाजत होते.

अर्धा तास झाडाखाली बसलो. गाडी निवली, किक हलली, रडतरखडत वैभववाडी गाठली. बायको तिथून एसटीनं गेली आणि त्या विषयावर अजून फारसं बोलत नाही. कोल्हापूरला खोलल्यावर पिस्टनला एक्झॉस्टच्या बाजूनं उभे ओरखडे होते आणि ब्लॉकच्या भिंतीला चांदीसारखं ॲल्युमिनियम चिकटलेलं. ब्लॉक पॉलिश पेपरनं वाचला, पिस्टन नवा घ्यावा लागला. किटवाल्याचा किंवा मिस्त्रींचा यात काही दोष नाही. तेव्हापासून मी लिटरला २०ऐवजी ३० मिली ऑइल घालतो आणि घाटात वडिलांसारखं ॲक्सिलरेटर पिळतो.

आता कायद्याचं. आरसी बुकावर १४५ लिहिलंय आणि खाली १७७ आहे, हे चालत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीनं बनवलेल्या मूळ रचनेत असा बदल करता येत नाही, आणि २०१९च्या दुरुस्तीनंतर मालकाला बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. अपघात झाला तर विमा कंपनी काय म्हणेल ते तुमचं तुम्ही ओळखा. मला हे माहीत नव्हतं असं मी म्हणणार नाही. माहीत होतं, तरी तीन वर्षं फिरवली.

२०२१ला आरसीचं नूतनीकरण आलं तेव्हा मात्र किट उतरवलं. मूळचा ब्लॉक मी ऑइलच्या फडक्यात गुंडाळून ट्रंकेत ठेवला होता, तो दुसऱ्या साईजला बोर करून परत चढवला. जेट खाली आणलं, टायमिंग जागेवर आणलं. मनात धरून चाललो होतो की आता गाडी मेल्यासारखी वाटणार. ती तशी वाटलीच नाही. पहिल्या-दुसऱ्या किकला सुरू, दुसऱ्यात जोरकस उचल, कुठं खोकणं नाही, हायवेला तासभर ऐटीत. किटच्या नावावर मी जे काही जमा धरत होतो त्यातलं निम्मं तरी नव्या सीलचं, बेरिंगांचं आणि त्या भट्टीत जाळलेल्या सायलेन्सरचं होतं. मी १४५ला कमी लेखत होतो, कारण धडधाकट १४५ मी कधी चालवलीच नव्हती. मला कळायला लागल्यापासून आमची गाडी थकलेलीच होती.

तुम्ही विचारताय त्यातल्या बहुतेकांचीही तशीच आहे. म्हणून आधी सील, बेरिंग, सायलेन्सर, जेट, कव्हर एवढं करा आणि मूळच्या ब्लॉकवर एक अख्खा पावसाळा-हिवाळा चालवा. त्यानंतरही घाटात दुसरा टाकायचा कंटाळा येत असेल, आणि कलम ५२चं काय करायचं ते ठरवलं असेल, तर बिडाचं साधं १७७ घ्या आणि तिथंच थांबा. रेसिंगवाल्या ॲल्युमिनियम किटांच्या, मोठ्या कार्बोरेटरच्या आणि फुगीर सायलेन्सरच्या नादाला लागू नका. तो खड्डा भरत नाही, आणि शेजारीही बोलायचे थांबतात.

करूळ घाटात मी आता पुन्हा दुसऱ्यावर चढतो. वळणावर वेळ मिळतो, दरीत बघता येतं. किट मूळच्या ब्लॉकच्या जागी ट्रंकेत आहे, त्याच फडक्यात. आणि तुमच्यापैकी निम्मे पुढचा प्रश्न जो विचारतात त्याचं उत्तरही इथंच देतो: नाही, विकायचं नाही.