हर्णैचं मधलं पाणी

हर्णैला मी पहिल्यांदा गेलो ते मासे घ्यायला, इतिहासबितिहास डोक्यात काही नव्हता. दापोलीहून घाट उतरून खाली आलो, बंदर म्हणून बघायला लागलो तर धक्का वगैरे काही दिसेचना, नुसती वाळू, लांबवर पाण्यात पन्नासेक बोटी झेंडे लावून उभ्या आणि मध्ये चक्क बैलगाड्या. म्हणजे बैल पोटापर्यंत समुद्रात, गाडीवान गाडीवर पुढे उभा, आणि मागे गाडीत सुरमई, कोळंबी, माकूल, बर्फाचा चुरा सगळं एकत्र. लाट आली की बैल फक्त मान वर करतात, एवढंच. आपण एसटीत खिडकीतून पाऊस आत आला तर जेवढा गोंधळ घालतो तेवढासुद्धा नाही.

कारण सोपं आहे, किनारा उथळ. ओहोटीला पाणी इतकं आत जातं की बोट काठाला आणायची म्हणजे वाळूत रुतवायची. म्हणून बोट लांब थांबते आणि पुढचं अंतर कुणीतरी तुडवायचं, होडीने नाहीतर बैलगाडीने. पूर्वी मुंबईहून आगबोटी यायच्या तेव्हाही हेच, चाकरमानी ट्रंका-वळकट्यांसकट पडावात, म्हणजे छोट्या होडीत उतरायचे आणि हलतडुलत गावाला लागायचे. गाव समोर दिसतंय, पण पोचायला अजून वेळ आहे!

आता या उथळ पाण्याच्या पलीकडे बेटावर सुवर्णदुर्ग, आणि अलीकडे किनाऱ्यावर कनकदुर्ग, फत्तेगड आणि गोवा असे तीन किल्ले, समोरच्या मोठ्या भावाला राखायला. (हर्णैत गोवा किल्ला हे नवख्याला पटत नाही, मलाही पटलं नव्हतं.) फत्तेगडावर आता कोळ्यांची घरंच घरं आहेत, कनकदुर्गावर दीपगृह. बेट आणि हे खडक आहेत म्हणून आतलं पाणी जरा शांत, आणि पाणी शांत म्हणून बंदर. किल्ले आणि मासळी दोन्ही एकाच कारणाने इथे आलेत असं मला वाटतं.

कान्होजी आंग्र्यांच्या आरमाराचा हा मोठा अड्डा. पुढे कान्होजींचा मुलगा तुळाजी आंग्रे आणि नानासाहेब पेशवे यांचं जमेना, तेव्हा 1755 साली पेशव्यांनी इंग्रजांना सोबत घेतलं आणि त्यांच्या आरमाराचा अधिकारी कमोडोर जेम्स आला. आधी तो समुद्राच्या बाजूने तोफा डागत बसला, ते जमेना, मग जहाज आत घेतलं, थेट बेट आणि किनारा यांच्या मधल्या पाण्यात, आणि एका बाजूच्या तोफा सुवर्णदुर्गावर, दुसऱ्या बाजूच्या गोवा किल्ल्यावर. किल्ला पडला. आपल्याच माणसाचा किल्ला पाडायला परक्याला बोलावलं हे वाचताना अजूनही चिडचिड होते, पण असो. जेम्स वारल्यावर त्याच्या बायकोने 1784 मध्ये लंडनला शूटर्स हिलवर एक तिकोनी मनोरा बांधला, त्याचं नाव सेव्हर्नड्रूग कॅसल, म्हणजे आपला सुवर्णदुर्गच, इंग्रजांच्या तोंडात बसेल असा. 2025 मध्ये आपला खरा सुवर्णदुर्ग युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला, बाकीच्या 11 किल्ल्यांबरोबर.

लिलाव मात्र या सगळ्याला हिंग लावून विचारत नाही. सकाळ-संध्याकाळ वाळूवर ढीग पडतात, भोवती रिंगण, बोली इतक्या भरभर की माझ्यासारख्याला आकडा कळेपर्यंत माल उचललेला असतो. मी उगाच हात वर केला तर एक कोळीण मावशी म्हणाली, "दादा, अख्खा ढीग नेनार काय? जावा तिकडं, वाटा घ्या!" वाटा म्हणजे चार-पाच मासे मांडलेला छोटा हिस्सा, आमच्यासारख्यांसाठी. मी दोन पापलेटं आणि बांगड्यांचा वाटा घेतला, घासाघीस करायला गेलो आणि दोन मिनिटांत हरलो.

जून-जुलैत हे सगळं बंद, मासेमारीला मनाई असते, बोटी आंजर्ल्याच्या खाडीत नाहीतर वाळूवर ओढलेल्या. मग नारळी पौर्णिमा.

मला खरं तर सुवर्णदुर्गावरही जायचं होतं. होडीवाल्याला विचारलं, कधी सोडणार? त्याने पाण्याकडे बघितलं, विडी पेटवली आणि म्हणाला, "भरती येऊं दे." मी पिशवीतल्या बांगड्यांवर आणखी थोडा बर्फ टाकून घेतला आणि बसलो वाळूवर.