नोव्हेंबरातली बोट आणि रिकामं इंजिन

मिशिगनमध्ये ऑक्टोबर लागला की बोटी सांभाळणाऱ्या मरीनावाल्यांचे ईमेल सुरू होतात. बोट कधी बाहेर काढायची, इंजिन विंटराइझ करायला, म्हणजे हिवाळ्यासाठी बंद करून ठेवायला, कोणती तारीख हवी, वरून प्लॅस्टिक गुंडाळायचं का. बहुतेक लोक महिन्याच्या मध्याला बोट त्यांच्या स्वाधीन करतात आणि एप्रिलपर्यंत तिचं नाव काढत नाहीत. माझी पंचाईत अशी, की इथल्या लेक सेंट क्लेअर तळ्यातला पर्च मासा रंगात येतो तो थंडी पडल्यावर. रवा लावून तळलेला ताजा पर्च ज्याने खाल्लाय, त्याला ऑक्टोबरात बोट झाकून ठेवणं जड जातं. रत्नागिरीतल्या माझ्या भावाला हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "दादा, आमच्या बोटी पावसाने बंद पडतात, तुझी बर्फाने. नोव्हेंबर म्हणजे आमचा ऐन हंगाम रे!"

नोव्हेंबरात बोट चालवायची तर इंजिन गोठण्यापासून वाचवणं हे वर्षातून एकदा उरकायचं काम राहत नाही. दर फेरीनंतर ते करावं लागतं. गेल्या शरद ऋतूत मी ते पहिल्यांदा स्वतः केलं.

माझ्या बोटीला मागे मर्क्रूझरचं ४.३ लिटरचं कार्बोरेटरवालं व्ही-६ इंजिन आहे आणि खाली अल्फा वन ड्राइव्ह, म्हणजे प्रॉपेलर फिरवणारा पाण्यातला भाग. बोटीच्या मागे बाहेर टांगलेलं आउटबोर्ड इंजिन असतं तर एवढा खटाटोप नव्हता. ते सरळ उभं ठेवलं की आतलं पाणी आपोआप गळून जातं. माझं इंजिन मात्र बोटीच्या पोटात आहे. गाडीच्या इंजिनात कूलंट आतल्या आत फिरत राहतं. हे इंजिन तळ्याचंच पाणी ओढतं, ब्लॉकमधून, म्हणजे इंजिनाच्या मुख्य ओतीव सांगाड्यातून, फिरवतं आणि एक्झॉस्टबरोबर बाहेर टाकतं. इंजिन बंद केलं की हे सगळं पाणी बाहेर जात नाही. ब्लॉकच्या दोन्ही बाजूंना, दोन्ही एक्झॉस्ट मॅनिफोल्डमध्ये (धूर बाहेर नेणाऱ्या ओतीव नळ्यांत), पाणी फिरवणाऱ्या सर्क्युलेटिंग पंपाच्या जाड होजमध्ये (रबरी नळीत) आणि पॉवर स्टीअरिंगच्या छोट्या कूलरमध्ये ते साचून राहतं. गोठताना पाणी सुमारे ९ टक्के फुगतं आणि ब्लॉकचं बीड (ओतीव लोखंड) काही ताणलं जात नाही. ब्लॉकला गोल पत्र्याच्या टोप्या असतात, त्यांना फ्रीझ प्लग म्हणतात. नावावरून वाटतं की त्या निसटतील आणि ब्लॉक वाचेल. कधी निसटतात, कधी नाही. आमच्या रस्त्यावरच्या एकाचा ब्लॉक टोप्या जागच्या जागी असताना तडकला होता, आणि तोही इनटेक मॅनिफोल्डच्या खाली, जिथे काही दिसत नाही. वसंतात इंजिन तेल दुधी झालं तेव्हा त्याला कळलं.

सगळ्यात सोपा म्हणून जो उपाय सांगतात, त्यावर माझा विश्वास बसला नाही. ड्राइव्हच्या पाणी ओढायच्या भोकांवर नळी जोडलेल्या रबरी कानटोप्या लावायच्या, बादलीतून गुलाबी अँटिफ्रीझ (न गोठणारं द्रव) ओढायचं, मागून गुलाबी पाणी आलं की झालं. मी गाड्यांच्या कूलिंगवर काम करतो, म्हणून या प्रकारातला थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापल्यावरच उघडणारी पाण्याची झडप, मला खुपत होता. माझ्या इंजिनाचा थर्मोस्टॅट १६० अंश फॅरनहाइटला उघडतो. तो बंद असताना ओढलेलं द्रव मॅनिफोल्डमधून जाऊन थेट बाहेर पडतं, ब्लॉकमध्ये फारसं शिरतच नाही. इंजिन आधी तापवून घेतलं तरी गार अँटिफ्रीझ पोचताच थर्मोस्टॅट पुन्हा मिटू शकतो. म्हणजे मागे गुलाबी धार दिसते आणि ब्लॉक तळ्याच्या पाण्याने भरलेलाच असतो. शिवाय दर शनिवारी पुन्हा तळ्यात जायचं असेल, तर दर शनिवारी ते रसायन तळ्यात ओतायचं? ते प्रॉपिलीन ग्लायकॉल असतं, गाडीतल्या इथिलीन ग्लायकॉलइतकं विषारी नाही, तरीही मला पटलं नाही. त्यापेक्षा इंजिन कोरडं ठेवलं तर गोठायला आत काही उरतच नाही.

पाणी काढायचं काम मी रॅम्पच्या, म्हणजे बोट ट्रेलरवरून तळ्यात उतरवायच्या उताराच्या, पार्किंगमध्येच करायचं ठरवलं. नाहीतरी मिशिगनच्या कायद्याप्रमाणे बोट रस्त्यावर आणण्याआधी बिल्ज (बोटीचा तळ) आणि लाइव्हवेल (मासे जिवंत ठेवायची टाकी) यांचं पाणी काढावंच लागतं. झेब्रा शिंपले उत्तर अमेरिकेत पहिल्यांदा सापडले ते याच तळ्यात, १९८८ मध्ये. तेव्हापासून एका तळ्याचं पाणी दुसऱ्या तळ्यात जाऊ नये म्हणून इथे फार जपतात. माझ्या कामात त्याच्याच जोडीला इंजिन आलं.

बोट सपाट जागी उभी केली, ड्राइव्ह पूर्ण खाली सोडला. मॅनिफोल्डचे निळे प्लॅस्टिकचे प्लग सहज हाताला लागले आणि कोमट पाण्याची धार सुरू झाली. ब्लॉकचे दोन प्लग मात्र खाली, इंजिन माउंटच्या आसपास आहेत. डावा पालथं पडून, चाचपून सापडला. उजवा स्टार्टरच्या शेजारी, तिथे माझं मनगट जेमतेम शिरतं. तो काढला तर चार थेंब आले आणि थांबले.

शेजारच्या ट्रेलरवर एक म्हातारा आपली बोट पट्ट्यांनी आवळत होता. त्याने काही न विचारता कोटाच्या खिशातून हँगरची सरळ केलेली तार काढून दिली. "पाणी आलं नाही म्हणजे पाणी नाही, असं समजू नकोस," एवढंच म्हणाला. भोकात तार फिरवली. आधी गंजाचे पापुद्रे आले, मग वाळू, मग शिंपल्यांचा चुरा, आणि मग अशी धार लागली की माझी बाही कोपरापर्यंत भिजली. माझ्या मते सगळ्या कामाचा जीव या तारेत आहे. प्लग काढणं कोणीही करतो; डाव्या बाजूने जेवढं पाणी आलं तेवढंच उजवीकडून आलं का, हे पाहणारे कमी. मी आता दोन्हीकडे तार घालतो आणि पाणी थांबल्यावर पुन्हा एकदा घालतो. मग पंपाचा जाड होज खालच्या टोकाला सैल करतो, पॉवर स्टीअरिंग कूलरचा होज सोडतो आणि इग्निशनची वायर काढून स्टार्टर क्षणभर फिरवतो, म्हणजे पंपात अडकलेलं पाणी निघतं. काढलेले प्लग एका थैलीत घालून थैली किल्लीला बांधतो. प्लग न लावता बोट पाण्यात उतरवून इंजिन सुरू केलं, तर तळंच बिल्जमध्ये यायचं.

पहिल्या वेळी हाताला सवय नव्हती म्हणून अंधार पडेपर्यंत वेळ गेला. नंतर नंतर बायको ट्रेलरचे पट्टे आवळेपर्यंत माझं आटपायला लागलं.

खरी करमणूक हवामानाच्या अंदाजाची. टीव्हीवर विंड चिल, म्हणजे वाऱ्यामुळे अंगाला जाणवणारं तापमान, २० अंश फॅरनहाइट म्हटलं की लोक घाबरतात. पण हवा ३५ अंश फॅरनहाइट असेल तर वारा कितीही सुटला तरी पाणी ३२ च्या, म्हणजे गोठणबिंदूच्या, खाली जात नाही. वाऱ्यामुळे ते लवकर गार होतं, एवढंच. उलट अंदाज ३४ चा असला तरी मी निर्धास्त राहत नाही. तो विमानतळावरच्या यंत्राचा असतो; आमचा ड्राइव्हवे सखल भागात आहे आणि निरभ्र रात्री तिथे गवतावर आधीच दंव गोठलेलं असतं. त्यातून बोट ट्रेलरवर. पाण्यात उभ्या बोटीला खालून तळ्याची ऊब मिळते, म्हणून एखादी हलकी थंडी ती सोसते. ट्रेलरवरच्या बोटीला खालूनही गार हवा. मोठा ब्लॉक काही तास गरम राहतो, पण बारीक नळ्या आधी गोठतात. म्हणून मी नियमच केला: ऑक्टोबरच्या मध्यानंतर अंदाज काहीही असो, पाणी काढूनच घरी यायचं.

इंजिनाच्या खोक्यात दिवा लावून ठेवा, हा सल्लाही मिळाला. पेट्रोलची वाफ साचू शकेल अशा बंद जागेत साधा बल्ब किंवा घरगुती हीटर ठेवणं मला मुळीच मान्य नाही. ठिणगी बाहेर पडणार नाही अशा बनावटीचे खास बिल्ज हीटर मिळतात, पण तेही विजेवरच. २०२१ च्या फेब्रुवारीत टेक्सासमध्ये थंडीची लाट आली आणि लाखो घरांची वीज गेली. तशा रात्री हीटर असून नसल्यासारखाच.

तळ्यावर परत जाताना क्रम उलटा. प्लग लावायचे, होज आवळायचे, आणि बोट पाण्यात उतरवली की ड्राइव्ह काही मिनिटं तसाच बुडवून ठेवायचा. ड्राइव्हमधल्या पंपाला रबरी पात्यांचा इम्पेलर असतो. आत बर्फाचा खडा राहिला असेल आणि तसंच इंजिन फिरवलं तर पाती फाटतात. मग सुरू करून एक नजर तापमानाच्या काट्यावर आणि एक बिल्जमध्ये. रॅम्पवर मी पोतंभर वाळू नेतो, कारण ट्रेलरवरून निथळलेलं पाणी उतारावर गोठतं आणि त्यावर गाडीची चाकं नुसती फिरत राहतात. लाइफ जॅकेट तर निघाल्यापासून अंगातच. इतक्या गार पाण्यात पडलात तर पहिलं मिनिट श्वास ताब्यात आणण्यात जातं आणि हातपाय नीट चालतात ती जेमतेम पुढची दहा मिनिटं.

नोव्हेंबरअखेर, थँक्सगिव्हिंगच्या सणाच्या आठवड्यात तळ्याच्या कडेला पातळ बर्फ दिसला. सेंट क्लेअर उथळ, सरासरी खोली ११ फुटांच्या आसपास, त्यामुळे ते लवकर गोठतं. तेव्हा शेवटचं विंटरायझेशन केलं: टाकीत पेट्रोल खराब होऊ न देणारं स्टॅबिलायझर, इंजिन तेल नवीन, बॅटरी पूर्ण चार्ज करून तळघरात, कारण उतरलेली बॅटरीसुद्धा गोठते. इंजिनाचं पाणी नेहमीसारखं काढलं आणि मग वरच्या होजमधून गुलाबी अँटिफ्रीझ थेट ब्लॉकमध्ये आणि मॅनिफोल्डमध्ये ओतलं. रिकाम्या ब्लॉकला ते लागतंच असं नाही, पण हिवाळाभर गंज कमी धरतो.

शेवटी ड्राइव्हचं गिअर ऑइल काढलं, तर ते किंचित दुधी. म्हणजे आत पाणी. प्रॉपेलर काढला तेव्हा शाफ्टभोवती मासेमारीची दोरी गुंडाळलेली निघाली. तिने सील कापलं होतं. तसंच ठेवलं असतं तर ब्लॉक कोरडा असूनही ड्राइव्हची केसिंग जानेवारीत तडकली असती. सील बदललं, नवं तेल खालच्या भोकातून वरपर्यंत चढवलं आणि बोट झाकली.