तुम्ही विचारलंत म्हणून: एक नंबरचं गाणं देऊन लेबल बुडतं कसं?

मी जुन्या रेकॉर्ड्स जमवते आणि येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवते, त्यात व्ही-जे या जुन्या अमेरिकन लेबलचं (लेबल म्हणजे रेकॉर्ड काढणारी कंपनी) नाव निघालं की हा प्रश्न ठरलेलाच. बीटल्स ज्यांच्याकडे होते ते दिवाळखोरीत कसे जातील, काहीतरीच काय! इतक्यांनी विचारलंय की आता एकदाचं लिहूनच टाकते.

तर होतं असं की गाणं हिट झालं की पैसे आधी जातात आणि मग येतात, आणि मधले महिने काढायला छोट्या लेबलकडे काही नसतं. बस, एवढंच उत्तर आहे, पण ते नीट कळायला व्ही-जेची गोष्ट माहीत पाहिजे.

1953 साल, अमेरिकेत इंडियाना राज्यातलं गॅरी गाव. व्हिव्हियन कार्टर रेडिओवर डीजे होती, ती आणि जिमी ब्रॅकन मिळून रेकॉर्डचं दुकान चालवायचे, आणि त्यातूनच दोघांच्या नावांची आद्याक्षरं घेऊन व्ही-जे सुरू झालं. कृष्णवर्णीय मालकांचं लेबल, तेही मोटाउन हे अशाच मालकीचं गाजलेलं लेबल जन्मायच्या आधी. पुढे शिकागोला गेले. 1962 च्या सुरुवातीला जीन चँडलरचं ड्यूक ऑफ अर्ल देशात एक नंबरला गेलं, त्याच वर्षी फोर सीझन्सचं शेरी, मग बिग गर्ल्स डोन्ट क्राय, मग 63 मध्ये वॉक लाइक अ मॅन. एकाच ग्रुपची लागोपाठ तीन गाणी एक नंबरला, आणि पाठीशी कुठलीही मोठी कंपनी नाही. मला आजही हे थोर वाटतं.

आता त्या काळी यातला पैसा कसा फिरायचा ते बघा. गाणं रेडिओवर वाजायला लागलं की दुकानांना माल आत्ता हवा असतो, पुढच्या महिन्यात नाही. मोठ्या कंपनीचा स्वतःचा कारखाना असतो, छोट्या लेबलला दुसऱ्याच्या कारखान्यात रेकॉर्ड छापून घ्यावी लागते आणि तो बिल मागतो. माल जातो गावोगावच्या डिस्ट्रिब्युटरकडे, उधारीवर. तो दोन-तीन महिन्यांनी पैसे देणार, आणि न खपलेला माल परत पाठवायची मुभा त्याला आहेच. त्यातही हे लोक मागचं बिल कधी चुकवायचे, तर लेबलकडे पुढचं हिट असेल तेव्हा, नाहीतर बसा वाट बघत. घरगुती फराळ करणाऱ्या काकूंना दिवाळीच्या तोंडावर दहा हजार चकल्यांची ऑर्डर यावी, भाजणी-तेल रोखीत आणि चकल्यांचे पैसे होळीला, असा हा हिशोब. मग ओढाताणीत पहिल्यांदा कोणाचं थकतं? कलाकाराचं. रॉयल्टीवरून, म्हणजे विक्रीतल्या कलाकाराच्या वाट्यावरून, भांडण झालं आणि फोर सीझन्स फिलिप्स या दुसऱ्या कंपनीकडे निघून गेले.

बीटल्सचंही तेच. इंग्लंडमध्ये बीटल्स ईएमआय या कंपनीकडे होते आणि अमेरिकेतली कॅपिटॉल ही ईएमआयच्याच मालकीची (म्हणजे आपल्या आजोबांकडच्या एचएमव्हीच्या रेकॉर्ड्स जिच्या त्याच घराण्यातली), पण तिने बीटल्स नाकारले आणि व्ही-जेने फेब्रुवारी 1963 मध्ये प्लीज प्लीज मी काढलं, सुरुवातीच्या प्रतींवर तर बीटल्सच्या स्पेलिंगमध्ये एक टी जास्तीचा आहे. तेव्हा चाललं नाही. रॉयल्टी थकली म्हणून करार रद्द झाला, आणि 1964 मध्ये वेड पसरल्यावर व्ही-जेने हातात होतं ते सगळं बाजारात आणलं, तर तोवर बीटल्स घेतलेली कॅपिटॉल कोर्टात गेली. 4 एप्रिल 1964 चा बिलबोर्ड मासिकाचा चार्ट (अमेरिकेतल्या गाण्यांची क्रमवारी) काढून बघा, पहिली पाचही गाणी बीटल्सची, हे सगळ्यांना माहीत असतं. पण त्यातली कॅपिटॉलची दोनच! दुसऱ्या नंबरचं ट्विस्ट अँड शाउट टॉलीवर, म्हणजे व्ही-जेच्याच उपलेबलवर, तिसरं शी लव्ह्ज यू फिलाडेल्फियाच्या स्वान या छोट्या लेबलचं, पाचवं व्ही-जेचं. मे महिन्यात टॉलीचं लव्ह मी डू एक नंबरलाही गेलं. तडजोडीत ऑक्टोबरपर्यंत विकायची परवानगी मिळाली, मग ते दार बंद, आणि 1966 मध्ये दिवाळखोरी. आतला कारभारही ढिसाळ होता हे खरंच, तो झाकायचं कारण नाही.

मग मोटाउन कसं तगलं, हा पुढचा प्रश्न येतोच. गाणी होतीच, पण मोटाउनचा मालक बेरी गॉर्डीने विक्री सांभाळायला बार्नी एल्स नावाचा माणूस ठेवला होता, त्याचं मोठं काम डिस्ट्रिब्युटरकडून वसुली. गाणी लिहिणाऱ्यांइतकंच श्रेय मी त्याला देते.

इंग्लंडमध्ये लोकांनी वेगळी वाट काढली, माल वाहून नेणारी यंत्रणाच आपली उभी केली. लंडनचं रफ ट्रेड, ब्रिस्टलचं रिव्हॉल्व्हर, लिव्हरपूलचं प्रोब, यॉर्कचं रेड ऱ्हायनो अशा मंडळींनी मिळून कार्टेल नावाचं जाळं केलं. 1980 च्या जानेवारीत इंडी चार्ट, म्हणजे स्वतंत्र लेबल्सच्या गाण्यांची क्रमवारी, सुरू झाला त्याचाही नियम हाच, माल मोठ्या कंपन्यांच्या वितरणातून गेलेला नको, गाणं कसं वाजतं याच्याशी संबंध नाही. म्हणून तर 1988 मध्ये कायली मिनोगसारखी पॉप गायिका इंडी चार्टमध्ये एक नंबर, तिच्या पीडब्ल्यूएल या लेबलचा माल स्वतंत्र वितरणातून जायचा ना! तिच्या आदल्या वर्षी फोरएडी या लेबलचं पंप अप द व्हॉल्यूम मुख्य चार्टवर दोन आठवडे एक नंबरला होतं. पण 1991 मध्ये रफ ट्रेडचं वितरणच कोसळलं आणि ज्या लेबल्सचे पैसे तिथे अडकले होते ती गाळात गेली. उधारी शेवटी कुठेतरी साठतेच.

आता छपाई नाही, ट्रक नाही, तर प्रश्न मिटला असं तरुण मुलं मला सांगतात आणि 2013 च्या मॅकलमोर या रॅपरचं उदाहरण देतात, थ्रिफ्ट शॉप स्वतःच्या लेबलवर काढून अमेरिकेत एक नंबर. गाणं मस्तच आहे. पण रेडिओवर ते पोचवायला वॉर्नर या बड्या रेकॉर्ड कंपनीच्या मालकीच्या एडीए या वितरण कंपनीची मदत घेतली होती. व्हिव्हियन कार्टरकडे असं कोणी नव्हतं, म्हणून दोन्हीतून मला निवडायला सांगाल तर मी शेरीच निवडणार.