गरम पाणी नेमकं कुठे अडलं होतं

जानेवारीत धायरीला पहाटे चांगलाच गारठा असतो. नेमकं तेव्हाच आमच्या गॅस गिझरचं पाणी करंगळीएवढ्या धारेने यायला लागलं. तेही मिनिटभर कढत, मग जाळ विझायचा आणि गार. आई तक्रार करणारी नाही, पण बादली भरायची वाट बघत शाल पांघरून बसलेली ती मला बघवेना.

प्लंबरदादांनी नळ सोडून पाहिला. "ताई, तुम्ही सगळ्यात वरच्या मजल्यावर. टाकी डोक्यावरच आहे, प्रेशर येणार कुठून? पंप बसवून घ्या." त्यात तथ्य होतं. पाणी १० मीटर उंचावर असेल तेव्हा कुठे १ बार दाब मिळतो, आणि आमची टाकी नळापासून जेमतेम ४ मीटर वर आहे. पण टाकी काही आज खाली आली नव्हती. सहा वर्षं याच टाकीवर गिझर नीट चालला होता. पंपावर पैसे घालायला मन घेईना.

मी १० लिटरची बादली आणि मोबाईलचं घड्याळ घेतलं. गार नळाखाली बादली १ मिनिट २० सेकंदांत भरली, गरम नळाखाली ४ मिनिटं लागली. स्वयंपाकघरातही गरम पाण्याची तीच रड. दोन्हीकडचे नळ एकाच वेळी तुंबणार नाहीत आणि गार पाणी जोरात आहे, म्हणजे टाकीचाही दोष नाही. राहिला गिझर.

जाळ विझण्याचं कोडंही इथेच सुटलं. वाहत्या पाण्याच्या जोराने आतला रबरी पडदा सरकतो आणि गॅसचा व्हॉल्व उघडतो. धार बारीक झाली की पडदा मागे येतो, गॅस बंद. दोन बिघाड नव्हतेच.

दादांना पुन्हा बोलावलं. गॅसचा कॉक बंद केला, सेल काढले. गॅसच्या जोडाला हातही लावला नाही. आत जाणारा पाइप सोडून बादलीत धरला तर धो धो पाणी. त्या तोंडाशी असलेली जाळी वाळूने भरली होती. ती धुतल्यावर ४ मिनिटांची ३ मिनिटं २० सेकंद झाली. मग बाहेर येणारा पाइपही सोडला, तरी गिझरच्या तोंडातून तीच रडकी धार! अडथळा तांब्याच्या कॉइलमध्ये होता.

उन्हाळाभर सोसायटीत बोअरच्या पाण्याचे टँकर येत होते. जड पाणी तापलं की क्षार आत चिकटतात, किटलीच्या बुडाशी पांढरा थर धरतो तसे. लिटरभर कोमट पाण्यात तीन मोठे चमचे सायट्रिक ॲसिड विरघळवून नरसाळ्याने कॉइलमध्ये ओतलं. आत सळसळ आवाज येऊ लागला, तोंडाशी फेस आला. तासाभराने धुतलं तर पांढऱ्या खपल्या निघाल्या. पुन्हा एकदा तेच केलं, मग भरपूर पाणी सोडून कॉइल धुतली.

एक मात्र कळकळीने सांगते: आमचा गिझर उघड्या ड्राय बाल्कनीत आहे. बंद न्हाणीघरात गॅस गिझर असेल तर धारेची चिंता नंतर, आधी तो बाहेर हलवा. गॅस जळताना निघणाऱ्या विषारी कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, माणसाला कळतही नाही.

शेवटची बादली दादांनी स्वतः लावली. १ मिनिट ५० सेकंद. "दुसऱ्या घरीपण आधी बादलीच लावतो आता," म्हणाले. टँकर सुरू व्हायच्या आधी, म्हणजे मार्चमध्ये, जाळी धुवायची अशी खूण मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर करून ठेवली आहे.