राखी खाटकाची मोजदाद

गेल्या रविवारी दुपारी ओट्यावर जुने वर्तमानपत्र पसरून मी काडेपेटीतून आणलेली एक करडी गोळी सुईने उकलत बसले होते. बोटाच्या पेराएवढी, वाळलेली आणि हाताला अगदी हलकी लागणारी ही गोळी राखी खाटकाने उलटून टाकलेली होती. घुबडाप्रमाणे हा पक्षीही भक्ष्याचे न पचणारे भाग असेच बाहेर टाकतो. आतून भुंगेऱ्यांच्या टणक पंखांचे चकचकीत तुकडे निघाले, नाकतोड्याच्या काटेरी पायाचा एक तुकडा निघाला आणि शेवटी सरड्याचा, नखाच्या कातरणाइतका बारीक जबडा निघाला. गोळी कोणत्या झाडाखाली आणि कोणत्या तारखेला मिळाली, हे काडेपेटीवर लिहिलेले होते. एवढे लिहून ठेवण्याची सवय मला फार उशिरा लागली.

राखी खाटीक म्हणजे इंग्रजीतला ग्रेट ग्रे श्राईक. साधारण मैनेएवढा असणाऱ्या या पक्ष्याची पाठ राखी आणि पोट पांढरे असते, डोळ्यावरून काळा पट्टा गेलेला असतो, आणि उडताना काळ्या पंखांवरचे पांढरे डाग लांबूनही चमकतात. मारलेले भक्ष्य तो बोरीच्या किंवा बाभळीच्या काट्याला टोचून ठेवतो, म्हणून तो खाटीक. याला गाणारा पक्षी म्हटले की ऐकणारे हसतात. परंतु वर्गीकरणानुसार तो गायक पक्ष्यांतच मोडतो, आणि सकाळच्या शांततेत तो इतर पक्ष्यांच्या नकला गुंफत हलक्या आवाजात गातो तेव्हा त्या वर्गीकरणाबद्दल शंका उरत नाही. आपल्याकडच्या उपजातीचे शास्त्रीय वर्णन कर्नल विल्यम साईक्स यांनी 1832 मध्ये केले आणि तिला 'लहटोरा' हे नाव दिले. हे वर्णन त्यांनी दख्खनमधल्या पक्ष्यांच्या यादीत केले होते, त्यामुळे हा पक्षी विज्ञानाच्या दफ्तरी दाखल झाला तोच आपल्या माळांवरून, असे म्हणायला हरकत नाही.

2023 च्या 'स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स' या अहवालानुसार या पक्ष्याच्या दीर्घकालीन आढळात 80 टक्क्यांहून अधिक घट झाली आहे. हा आकडा वाचून धक्का बसतो, पण तो कसा काढला हे समजून घेतल्याशिवाय त्याचा उपयोग करता येत नाही. पक्षिनिरीक्षकांनी ई-बर्ड या पक्षिनोंदींच्या संकेतस्थळावर भरलेल्या संपूर्ण याद्यांपैकी (म्हणजे त्या फेरीत ओळखलेले सारे पक्षी नोंदवलेल्या याद्यांपैकी) किती याद्यांत हा पक्षी आहे, याचे प्रमाण 2000 पूर्वीच्या काळाशी ताडून पाहिलेले आहे. एकंदर कल दाखवायला ही पद्धत उत्तम आहे आणि घट खरी आहे याबद्दल मला संशय नाही. मात्र एखाद्या माळावर आज किती जोड्या आहेत, त्यांची पिल्ले जगतात का, आणि जगत नसतील तर कशामुळे, हे त्या प्रमाणातून कळू शकत नाही. 2000 पूर्वीच्या याद्या मुळात थोड्या आहेत. त्यात हाच पक्षी मधली काही वर्षे सदर्न ग्रे श्राईक या वेगळ्या जातीच्या नावाखाली नोंदवला जात असे, आणि राजस्थान-गुजरातेत हिवाळ्यात त्याचा फिकट रंगाचा मध्य आशियाई भाऊबंदही येतो. उपजात न लिहिता केलेली तिकडची हिवाळी नोंद निवासी पक्ष्यांच्या हिशेबात कशी धरायची, हा प्रश्न उरतोच.

माझ्या स्वतःच्या वह्यांची गत याहून वाईट आहे. पुरंदर तालुक्यातल्या एका माळावर मी अनेक वर्षे फिरते आहे, पण जुन्या वह्यांत 'राखी खाटीक दिसला, छान फोटो' एवढेच लिहिलेले सापडते. किती वाजता गेले, किती चालले, कोणत्या वाटेने गेले, याचा पत्ता नाही. सर्वांत मोठी चूक म्हणजे ज्या दिवशी तो दिसला नाही त्या दिवसाची नोंदच नाही. एका जोडीला मोठा मुलूख लागत असल्याने हा पक्षी मुळातच विरळ असतो, त्यामुळे त्याच्याबाबतीत 'नाही' ही नोंद 'आहे' इतकीच मोलाची ठरते. आणि मी ती वर्षानुवर्षे फेकून दिली. शिवाय आम्ही हौशी मंडळी माळावर जातो ती भोवत्यांसाठी (हॅरियर या शिकारी पक्ष्यांसाठी), हिवाळ्यात. खाटकाची वीण मुख्यतः मार्चपासून जूनपर्यंत चालते, आणि त्या उन्हात तिकडे कोणी फिरकत नाही.

काटेरी फांदीच्या टोकावर ऐटीत बसलेला नर पाहून सारे ठीक आहे असे वाटते, हा दुसरा सापळा आहे. मोठे झालेले पक्षी काही वर्षे तग धरून आपला मुलूख राखतात. तेवढ्या काळात एकही घरटे यशस्वी झाले नाही तरी आपल्या यादीत दर वर्षी पक्षी येतच राहतो. म्हणून घरट्यांचा पाठपुरावा लागतो, आणि त्यातही हिशेबाची एक मेख आहे. जी घरटी अंडी घालताच उद्ध्वस्त होतात ती आपल्याला बहुधा सापडतच नाहीत; सापडतात ती काही दिवस टिकलेली. त्यामुळे सापडलेल्यांपैकी यशस्वी किती, असा सरळ भागाकार केला की यशाचे प्रमाण फुगते. यावर 1961 मध्ये अमेरिकेतल्या हॅरल्ड मेफिल्ड यांनी तोड काढली: घरटे जितके दिवस आपल्या नजरेखाली होते तेवढेच दिवस मोजायचे आणि त्यावरून रोजच्या नुकसानीचा दर काढायचा. मेफिल्ड पेशाने पक्षिशास्त्रज्ञ नव्हते, आणि ही रीत त्यांना सुचली ती खुरट्या पाइनांच्या रानात राहणाऱ्या किर्टलंड्स वॉर्बलर या इवल्या गायक पक्ष्याच्या नोंदींवरून. तीन-चार दिवसांआड एक फेरी, काठीला बांधलेला छोटा आरसा आणि तारीख-वार नोंद एवढ्यावर हे काम होते. मात्र घरट्याशी रेंगाळायचे नाही, कारण आपल्या मागावर कावळे असतात.

घट का होते आहे, याबद्दल प्रत्येकाचे आपले मत असते: कोणी वनीकरणाच्या नावाखाली लावलेल्या गिरिपुष्पाला (ग्लिरिसिडियाला) दोष देतो, कोणी वेड्या बाभळीला, कोणी कीटकनाशकांना, तर कोणी प्लॉटिंगला. यातले प्रत्येक कारण पटण्यासारखे आहे आणि म्हणूनच घातक आहे, कारण तपासल्याशिवाय उपाय सुरू झाला तर तो भलत्याच कारणावर होऊ शकतो. कॅलिफोर्नियाजवळच्या सॅन क्लेमेंटे बेटावर याच कुळातल्या लॉगरहेड श्राईकची एक उपजात आहे. मोकाट शेळ्यांनी तिथली झुडपे फस्त केली होती. शेळ्या हटवल्या गेल्या, तरी 1998 मध्ये रानात अवघे 14 पक्षी उरले होते; बंदिस्त प्रजननाच्या जोडीने ती उपजात सावरली. हे उदाहरण वाचून आपल्याकडेही चराई बंद करा असे कोणी म्हणेल, तर मला ते घाईचे वाटते. दख्खनच्या माळावर मेंढरे शतकानुशतके चरत आली आहेत, आणि खाटकाला वरून टिपण्यासाठी जी उघडी जमीन लागते ती बहुधा त्या चराईनेच उघडी राहते. 'बहुधा' हा शब्द काढून टाकता यावा म्हणून चराईचे, बिनचराईचे आणि झाडे लावलेले माळ शेजारी शेजारी ठेवून काही वर्षे मोजले पाहिजेत. गोळ्या उकलण्याचे कामही याच्याच पोटात येते: फवारणीच्या पट्ट्यातला खाटीक आणि आतल्या माळावरचा खाटीक एकच खातात का, हे पक्ष्याला हात न लावता पाहता येते.

मोजायचे कुठे, याचे उत्तर आता बरेच सोपे झाले आहे. मधुसूदन आणि वनक या संशोधकांनी 2023 मध्ये प्रसिद्ध केलेल्या नकाशानुसार निमशुष्क खुल्या परिसंस्थांनी (गवताळ, झुडपी माळ आणि तत्सम उघड्या जमिनींनी) देशाचा सुमारे 10 टक्के भाग व्यापलेला आहे, आणि त्यातला 5 टक्क्यांहूनही कमी भाग संरक्षित आहे. सरकारी नकाशात मात्र यांतल्या कितीतरी जमिनी अजून 'पडीक' याच सदरात आहेत. सुप्याचे मयूरेश्वर अभयारण्य जेमतेम पाच चौरस किलोमीटरचे आहे, तेव्हा केवळ अभयारण्यात मोजून भागणार नाही. केरळात 2015 ते 2020 या काळात हजाराहून अधिक स्वयंसेवकांनी आखून दिलेल्या सुमारे चार हजार चौकटी पावसाळ्यात आणि कोरड्या हंगामात ठरल्या रीतीने पालथ्या घालून पक्षी-नकाशा तयार केला. आपल्या झुडपी माळांपुरते तरी तसे काम होण्यासारखे आहे. पिल्ले मोठी होऊन जातात कुठे, हे कळण्यासाठी पायात रंगीत कडी घालावी लागतील. ते परवानगीचे आणि शिकलेल्या हातांचे काम आहे, हौशींचे नव्हे.

माझ्या माळावर मेंढरे चारणारे एक आबा आहेत. मी गोळ्या वेचताना पाहून ते एकदा म्हणाले, "ताई, त्यो खाटीक ह्या हिवरात दर साली घर करतो. औंदा न्हाई केलं." माझ्या साऱ्या वह्यांत मिळून असे एक वाक्य नव्हते. आता दर फेरीच्या शेवटी मी त्यांना विचारते आणि त्यांचे म्हणणे वेगळ्या रकान्यात लिहिते.

या मार्चपासून चार किलोमीटरची एकच वाट ठरवली आहे. पंधरवड्यातून एकदा, सूर्योदयानंतर अर्ध्या तासाच्या आत निघायचे, आणि दर दोनशे मीटरवर पाच मिनिटे थांबायचे. पहिल्या फेरीत राखी खाटीक दिसला नाही. वहीत तारीख, वेळ आणि वाऱ्याची नोंद केली, खाटकाच्या रकान्यात शून्य लिहिले, आणि हिवराच्या झाडाखाली गोळ्या शोधायला वाकले.