तोनेरची फोस दियॉन: झरा आणि धुण्याचा पाणवठा

फ्रान्सच्या बर्गंडी भागातल्या तोनेर गावात टेकडीच्या पायथ्याशी फोस दियॉन हा झरा आहे. पॅरिसहून दिजाँकडे जाणारी प्रादेशिक टीईआर गाडी घ्यायची. वेगवान तेजेवे इथं थांबत नाही. प्रवास साधारण दोन तासांचा. गाडी पॅरिसच्या बेर्सी स्थानकाहून आहे की गार द ल्यों स्थानकाहून, हे तिकिटावर आधी पाहा. गाड्या मोजक्याच असल्यानं परतीची वेळही आधीच ठरवून ठेवा. स्थानकापासून पाणवठा चालत पंधरा-वीस मिनिटांवर. प्रवेश खुला, तिकीट नाही.

सुमारे 14 मीटर व्यासाचा गोल दगडी हौद आणि त्याला अर्धा वेढा घालणारी कौलारू पडवी ही बांधणी 1758 सालची, लुई देऑन यांनी करवलेली. बहुतेक लोक निळ्या-हिरव्या पाण्याचा फोटो काढून निघून जातात, पण इथं पाहायचा तो प्रवाह. सेकंदाला सरासरी 311 लिटर पाणी वर येतं आणि वाहून जातं. धुण्यात सगळ्यात जास्त पाणी लागतं ते खळबळायला, आणि ते वाहतं असेल तरच मळ परत कपड्यावर बसत नाही.

मोठ्या धुण्याचा पहिला टप्पा दुसरीकडे व्हायचा. फ्रान्सभर रीत अशी: पिंपात कपडे रचायचे, वर जाड फडकं अंथरून त्यावर चाळलेली राख पसरायची आणि गरम पाणी ओतायचं. तळातून निथळलेलं, राखेतला क्षार उतरलेलं पाणी पुन्हा तापवून पुन्हा ओतायचं, असं तासन्‌तास चालायचं. राखेत कोळशाचा कण राहिला की डाग पडायचा. ओकची राख तर टाळायचेच, कारण त्यातल्या टॅनिन या तुरट द्रव्यानं कापड पिवळं पडतं. मग ओलं, जड धुणं पाणवठ्यावर आणून, गवत घातलेल्या लाकडी खोक्यात गुडघे टेकून, काठावर धोपटायचं. पडवीत उभं राहून काठाची उंची पाहा, म्हणजे त्या बायकांच्या कमरेवर काय ताण येत असेल ते कळतं.

रंग बघायचा तर उन्हाच्या दिवशी, दुपारच्या सुमाराला जा. मोठ्या पावसानंतर प्रवाह जोरदार असतो, पण पाणी गढूळ होऊ शकतं, कारण चुनखडीच्या भेगांतून ते जवळजवळ न गाळताच येतं. त्याच कारणानं ते कितीही नितळ दिसलं तरी पिऊ नका. काठाचे ओले दगड निसरडे असतात, लहान मुलांचा हात सोडू नका. आत उतरायचा विचारही नको. खालच्या अरुंद, खोल भुयारात अनुभवी पाणबुडेही दगावले आहेत.

इथून सेंट पिएर चर्चच्या टेकडीवर चढून जा; तिथून गावाची सगळी छपरं दिसतात. 1293 साली मार्गरीत द बुर्गोन्य हिनं स्थापलेलं रुग्णालय, ओतेल-दिय, गावातच आहे. त्याचं लांबलचक लाकडी छत चुकवू नये. मात्र उघडण्याच्या वेळा हंगामानुसार बदलतात आणि दुपारी जेवणाच्या वेळेत दारं बंद असू शकतात, म्हणून आधी चौकशी करा. रविवारी दुकानं फारशी उघडी नसतात, खाणं सोबत ठेवा.