आमची वाटचाल : परातीला जागा मिळेपर्यंत

माझ्या वडिलांचे सुतारकाम पुण्यातील भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटच्या आधाराने चालत असे. सागवानी दरवाजे, खिडक्यांच्या चौकटी, देव्हारे आणि क्वचित एखादे फडताळ, एवढाच त्यांचा व्याप होता. स्वयंपाकघराशी त्यांचा फारसा संबंध येत नसे, कारण तेव्हा सोसायट्यांच्या सदनिकांमधील ओट्याचे काम गवंडीच उरकत असे. कडप्प्याच्या उभ्या फरश्या, त्यांच्यावर ग्रॅनाइट, वर दोन फळ्या आणि भिंतीला स्टीलची मांडणी लावली की स्वयंपाकघर तयार झाले असे मानले जाई. 2003 साली मी नऱ्हे येथे पत्र्याची एक शेड भाड्याने घेऊन स्वतंत्र काम सुरू केले, ते याच ओट्यांखाली ट्रॉल्या बसवण्याचे. आमचे जुने ग्राहक आजही आमची ओळख ‘ट्रॉलीवाले’ अशीच करून देतात आणि त्यात मला कमीपणा वाटत नाही.

त्या कामात कल्पकतेला वाव थोडा आणि चिकाटीची गरज जास्त होती. ओट्याखालचे कप्पे गवंड्याने आधीच ठरवून टाकलेले असत. एक कप्पा 17 इंचांचा, शेजारचा साडेएकोणीस इंचांचा, आणि वरचे माप खाली तसेच मिळेल याची शाश्वती नसे. म्हणून प्रत्येक कप्पा आम्ही वर, मध्ये आणि खाली असा तीनदा मोजत असू आणि सर्वांत लहान माप धरून चौकट करत असू. त्या चौकटीत सर्वांत वर चमच्यांची बास्केट, तिच्याखाली कप-बशांची, मग ताटांची आणि तळाशी पातेल्यांसाठी साधी खोल बास्केट, हा क्रम इतका ठरलेला होता की तो ग्राहकाला विचारण्याची गरज आम्हाला कधी वाटली नाही. पुढे ज्या चुका झाल्या, त्यांचे मूळ याच न विचारण्यात होते.

स्टीलच्या बाबतीत मात्र आम्ही लवकर शहाणे झालो. बास्केट 304 दर्जाच्या स्टीलची आहे असे सांगून हलक्या 202 दर्जाची खपवली जाते, आणि ओल्या भांड्यांखाली दोन पावसाळे गेले की तिच्या जोडांवर तांबूस डाग उमटू लागतात. चुंबक लावून पाहण्याचा घरगुती उपाय येथे कामाला येत नाही, कारण चुंबक या दोन्हींना धरत नाही. तपासणीच्या द्रवाचा थेंब टाकल्यावरच फरक कळतो. ती बाटली तेव्हापासून आमच्या मोजमापाच्या पिशवीतच असते.

ओटा फोडून सगळे स्वयंपाकघर नव्याने करण्याचे पहिले मोठे काम आम्हाला कोथरूडमधील एका जुन्या सोसायटीत मिळाले. आम्ही जीव ओतून काम केले. कडप्पा काढला, प्लायवूडची कपाटे केली, वर छतापर्यंत बंद कपाटे नेली, बाहेरून फिकट लॅमिनेट लावले आणि पूर्ण उघडणारे ड्रॉवर बसवले. घरच्या काकूंनी पेढे दिले. दिवाळी झाली आणि त्यांचा फोन आला. तक्रारीचा सूर नव्हता, पण त्यांनी जे सांगितले ते मला अजून शब्दशः आठवते. ‘‘दादा, किचन छान झालंय हो, पण माझी परात अजून पलंगाखाली आहे.’’ मी तेथे जाऊन पाहिले. परातीचा व्यास 18 इंच होता आणि आमच्या सर्वांत रुंद कपाटाची आतली रुंदी त्याहून कमी भरत होती. मोदकपात्र, चकलीचा सोऱ्या, पुरणयंत्र आणि गौरी-गणपतीसाठी वर्षातून एकदा निघणारी मोठी पातेली छताजवळच्या कपाटात गेली होती, आणि काकूंची उंची पाच फुटांच्या आत होती. पुरणयंत्र काढायचे म्हटले की त्या शेजारच्या मुलाला हाक मारत. चमच्यांसाठी मात्र आम्ही दोन ड्रॉवर दिले होते.

त्यानंतर आम्ही एक वही सुरू केली. नकाशा काढण्यापूर्वी ग्राहकाच्या घरी बसून त्या स्वयंपाकघरातील सर्व सामान त्या वहीत लिहायचे, असा नियम केला. कोणते डबे किती किलोंचे, त्यांची उंची किती, परात आणि सर्वांत मोठी कढई केवढी, कुकर किती लिटरचे, मिक्सर रोज लागतो की आठवड्यातून दोनदा, लोणच्याच्या बरण्या काचेच्या की चिनी मातीच्या, वर्षाचे धान्य भरतात की महिन्याचे, हे सर्व त्यात येते. सुरुवातीला लोकांना हा प्रकार चमत्कारिक वाटे. एका गृहस्थांनी ‘‘तुम्ही सुतार आहात की शिरगणतीवाले?’’ असेही विचारले. त्यांच्या पत्नीने मात्र तोवर फळीवरचे डबे खाली उतरवायला सुरुवात केली होती.

या वहीमुळे सर्वांत आधी वजनाचा हिशेब कळला. तीन फूट रुंदीच्या ड्रॉवरमध्ये पाच-पाच किलोंचे आठ डबे ठेवले, तर नुसते धान्यच 40 किलो होते; त्यात डब्यांचे आणि ड्रॉवरचे स्वतःचे वजन मिळवावे लागते. अशा ठिकाणी 30 किलो क्षमतेचे चॅनेल (ड्रॉवर ज्यावर सरकतो ती पट्टी) लावले तर पहिले काही महिने ते गुपचूप सोसते, मग ड्रॉवर पुढून झुकतो आणि शेवटी ओढताना घासू लागतो. चॅनेल नामांकित कंपनीचे आहे की नाही, यापेक्षा त्याच्या खोक्यावर किती किलो छापले आहेत हे पाहणे अधिक महत्त्वाचे आहे. धान्याचा ड्रॉवर आम्ही आता शक्यतो दोन फुटांहून रुंद करत नाही आणि तो सर्वांत खाली ठेवतो. तेलाच्या बाटल्यांसाठी शेगडीशेजारी अरुंद पुलआउट, म्हणजे पुढे ओढून काढायचा तारांचा कप्पा, द्यावा असा आग्रह अनेकजण धरतात. तो दिसायला नेटका असतो, परंतु पाच लिटरचा कॅन त्यात मावत नाही आणि तेलाचा ओघळ त्याच्या तारांवरून थेट चॅनेलमध्ये उतरतो, हे मी स्पष्ट सांगतो. तरीही हवा असेल तर करून देतो.

ओट्याच्या उंचीचा प्रश्न त्याहून नाजूक आहे. 34 इंच हे माप सगळीकडे सर्रास सांगितले जाते. परंतु ओट्यावर शेगडी ठेवली की कढईचा काठ आणखी वर जातो, पोळपाट ठेवला की लाटणारीचे खांदे उचलले जातात, आणि याच्या उलट सिंकमध्ये भांडी घासताना हात तळापर्यंत न्यावे लागत असल्याने त्याच उंचीवर कंबर वाकते. म्हणजे एकाच ओट्यावर लाटण्यासाठी थोडी कमी आणि घासण्यासाठी थोडी जास्त उंची हवी असते. घरात उंच सून आणि बुटक्या सासूबाई असतील, तर आम्ही प्लायवूडचा एक तुकडा विटांवर ठेवून दोघींनाही त्यावर पोळी लाटून दाखवायला सांगतो. मापाचा वाद त्या पाच मिनिटांत मिटतो. इतर वाद मिटवणे आमच्या हातात नाही.

प्लायवूडने आम्हाला एकदा चांगलाच फटका दिला. एका व्यापाऱ्याने पाण्याला टिकणारा माल म्हणून दिलेल्या शीट आम्ही सिंकखाली वापरल्या, आणि वर्षाच्या आत तळाची फळी फुगून तिचे पापुद्रे सुटले. खर्च आमच्या अंगावर आला. भारतीय मानकांप्रमाणे आयएस 303 मध्ये नुसत्या दमट हवेला टिकणारा आणि उकळत्या पाण्याला काही प्रमाणात टिकणारा असे दोन दर्जे येतात, तर आयएस 710 या मरीन प्लायच्या मानकात 72 तास उकळण्याची चाचणी असते. शीटवरचा छाप खरा आहे की नाही, हे डोळ्यांनी ओळखता येत नाही. म्हणून प्रत्येक नव्या मालातील एक तुकडा आम्ही शेडमध्ये पातेल्यात घालून दिवसभर उकळतो. हलका माल दुपारपर्यंत थर सोडतो. सिंकखालच्या कपाटात आम्ही ट्रॉली देत नाही; तेथे कचऱ्याचा डबा, पाण्याचा कॉक आणि प्लंबरचा हात शिरेल एवढी मोकळीक असावी लागते.

गॅस सिलिंडरचे कपाट ही अशीच एक दुर्लक्षित जागा. घरगुती सिलिंडरमध्ये 14.2 किलो गॅस असतो आणि भरलेले सिलिंडर सुमारे 30 किलोंचे होते. ते फळीवर न ठेवता जमिनीवर उभे ठेवायचे. हा गॅस हवेपेक्षा जड असल्याने गळती झाल्यास तळाशी साचतो, म्हणून कपाटाच्या दाराला खालच्या बाजूस जाळी हवीच. दाराच्या रंगसंगतीत जाळी बसत नाही म्हणून ती वगळा असे सांगणारे ग्राहक भेटतात. तेवढे काम आम्ही नाकारतो.

नूतनीकरणातील कामांचा क्रम आम्ही दुसऱ्यांच्या चुकांतून शिकलो. ग्राहक अनेकदा टाइलचे काम होण्याआधीच बोलावतात आणि मापे घ्या म्हणतात. परंतु जुन्या भिंतीवर सिमेंट आणि टाइल चढली की दोन्ही बाजू मिळून खोलीचे सुमारे दोन इंच जातात, आणि तयार कपाट तेवढ्यासाठी अडते. पहिल्या भेटीत आम्ही फक्त कच्चा नकाशा देतो, ज्यावर पाण्याची जागा, चिमणीच्या पाइपसाठी सहा इंचांचे भोक, आणि फ्रिज, ओव्हन व पाणी शुद्ध करणारे यंत्र यांचे विजेचे पॉइंट दाखवलेले असतात. टाइल बसल्यावर शेवटची मापे घेतो आणि मगच शीट कापतो. शेगडी आग्नेयेला हवी ही अट असेल, तर ती याच कच्च्या नकाशाच्या वेळी सांगावी, अशी आमची विनंती असते. पाइप गाडल्यावर आठवलेली आग्नेय दिशा फार महाग पडते.

2017 मध्ये जीएसटी आला आणि आमचे हिशेब बदलले. 2020 च्या टाळेबंदीत आमचे राजस्थानी कारागीर गावी गेले आणि शेड काही महिने बंद राहिली. ते परतले तेव्हा काम तयार होते, कारण घरात अडकलेल्या पुरुषांनी बहुधा पहिल्यांदाच आपले स्वयंपाकघर दिवसभर पाहिले होते. आज शेडमध्ये पॅनेल कापण्याचे आणि कडांना पट्टी लावण्याचे यंत्र आहे, आम्ही एकूण नऊ जण आहोत, आणि एका वेळी तीनपेक्षा जास्त घरे घेत नाही.

कोथरूडच्या त्या काकूंची सोसायटी मध्यंतरी पुनर्विकासाला गेली. नव्या इमारतीतील त्यांचे स्वयंपाकघर आता आमच्याकडेच आहे. त्यांनी या वेळी यादी स्वतःच लिहून आणली होती, आणि पहिल्या ओळीत ‘परात, 18 इंच’ असे लिहून खाली दोन रेघा ओढल्या होत्या. परातीसाठी शेगडीखाली 21 इंच रुंदीची खोल बास्केट ठरली आहे. अडचण आहे ती घरघंटीची. ओट्याखाली ती बसत नाही, तिचा आवाज त्यांच्या मिस्टरांना चालत नाही, म्हणून ती ड्राय बाल्कनीत जाणार आहे. परंतु तेथील विजेचा पॉइंट बिल्डरने नेमका दाराच्या मागे दिला आहे, आणि तो हलवण्यासाठी इलेक्ट्रिशियन येत्या गुरुवारी येणार आहे.